टँकर आणि आमची प्लेलिस्ट

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. चुका करत राहायच्या, बस!

दुष्काळाच्या वर्षांत छावणीतल्या एका खोलीतून आम्ही इंटरनेट रेडिओ चालवायचो. पाण्याचा टँकर कुठं, कधी येणार ते सांगायचं आणि मधे गाणी. देशपांडेकाका, रिटायर्ड हेडक्लार्क, घोषणा आपल्या आवाजात रेकॉर्ड करून द्यायचे. मी प्लेलिस्टची फाइल लिहायचो. म्हणजे साधी यादी, प्लेअर ती वरून खाली वाजवतो.

*

पहिल्याच दिवशी रेडिओ मुका! यादीत गाण्यांचे नुसते पत्ते असतात. गाणी पेनड्राइव्हमध्ये, आणि पेनड्राइव्ह माझ्या घरी.

काका म्हणाले, "पत्रिका वाटल्यास रे, पण नवरदेव कुठाय?"

*

एकदा यादी काकांनी टाइप केली. जन्माची सवय, सगळ्यात वर "॥ श्री ॥". प्लेअर त्या नावाचं गाणं शोधत तिथंच अडला! ओळीआधी # टाकलं की प्लेअर ती सोडून देतो, म्हणून मी ते टाकलं.

काका लई दुखावले. "देवालाच वगळतोस?"

*

मग शफल, म्हणजे यादी कशीही उलटसुलट वाजवणं, चुकून चालू राहिलं. सकाळी सहाला पहिलंच वाक्य, "श्रोतेहो, आता निरोप घेतो!"

नव्या कॉलनीतल्या एका काकूंचा फोन आला, "अहो, चहा तरी घेऊन जा!"

*

पुढची चूक मात्र हसण्यासारखी नव्हती. यादी संपली की पुन्हा पहिल्यापासून, असं लावून मी जेवायला गेलो. "टँकर दहा मिनिटांत लासूर स्टेशनला" हेच फिरत राहिलं. टँकर केव्हाच येऊन गेला होता. सखाराम मेंढपाळ आपली साठ मेंढरं घेऊन तिथं ताटकळला.

"सायेब, किती येळ दहाच मिनिटं? अजून एकडाव असं झालं तर मेंढरं मरत्याल माझी!"

मेंढरं तहानलेलीच परतली. मला फार लाज वाटली.

*

आणि महिन्याभरानं तेच! टँकर लासूरऐवजी पुढच्या वस्तीवर जाणार होता. मी यादी लगेच सुधारली. पण प्लेअरनं जुनी यादी आधीच वाचून ठेवलेली. त्याला नवी वाचायला लावायचं मी विसरलो. लासूरचीच घोषणा गेली! सखारामचा फोन सारखा बिझी.

काकांना मागं बसवून स्कूटर हाणली. लासूरला ना सखाराम, ना मेंढरं. तसेच वस्तीवर गेलो, तर हौदावर साठच्या साठ मेंढरं पाणी पीत होती! काकांनी हात जोडले. मी तिथंच मातीत बसलो.

"सखारामभाऊ, आम्ही तर लासूर सांगितलं होतं!"

"व्हय, ऐकलं की. म्हणून तर डायवरला फोन लावला!"