रांगोळीनं घासलेलं नाणं

बोरिवलीला आमच्या बिल्डिंगमधले नाणीवाले काका किंमत तोंडावर सांगायचे. समोरच्याचा चेहरा पडला तरी आकडा तोच.

बोटीवरच्या मामानं दिलेलं ग्रीसचं चांदीचं नाणं विकून आम्हाला रंगीत टीव्ही घ्यायचा होता. आईनं ते देवाच्या भांड्यांबरोबर रांगोळीनं लख्ख घासलं आणि आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो.

काकांनी नाणं कडेनं धरून भिंगाखाली नेलं.

"राजाच्या लग्नाचं आहे. घासलं कुणी?"

"मी," आई कौतुकानं म्हणाली.

काकांनी भिंगावरून डोळा काढलाच नाही.

"झकास निघालंय, वहिनी. विकू नका."

आई जिना उतरायला लागल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"सगळे ओरखडे पडलेत रे. आता मोडीच्या भावानं जाईल. आईला बोललास तर बघ."