संमतीपत्राची प्रत
स्पिरिटचा वास आला की मारेगावकडचं ते समाजमंदिर आठवतं. एका परदेशी विद्यापीठाच्या संशोधनासाठी आम्ही कॉलेजवाल्यांनी तिथे कपाशीवर कीटकनाशक फवारणाऱ्या मजुरांचं रक्त घेतलं आणि नमुने विमानाने पाठवले. काही महिन्यांनी एका मजुराची बायको पिशवीत जपलेला इंग्रजी कागद घेऊन आली. "सर, नवऱ्याले दवाखान्यात नेलतं. डॉक्टर म्हणते, हा रिपोर्टच नाही. मंग आमचा रिपोर्ट कुठी हाये?" ती संमतीपत्राची प्रत होती. तपासणीचा निकाल मजुरांना कळवला जाणार नाही, असं त्यातच छापलं होतं. ते ऐकून कोणी रक्त देणार नाही, म्हणून सह्या घेण्याआधी मराठीत वाचून दाखवताना मी ते वाक्य गाळलं होतं. "येईल," मी म्हणालो. पोळ्याआधी तिचा नवरा गेला. शोधनिबंध छापून आला. शेवटी आभारात आमचं कॉलेज आहे. ती अजूनही भेटली की विचारते, "आला का, सर?"