दोन पानांच्या खालून

९ जानेवारी. मिरचीच्या रोपांना संध्याकाळचं पाणी दिलं, वर गोणपाटं पसरली, कडेला दगड ठेवले. थंडी वाढणार असली की मी हे दरवर्षी करते. ओली माती रात्रभर थोडी ऊब धरते, कोरडी लगेच गार पडते — आमच्याकडे हे कुणाला शिकवावं लागत नाही. कमलच्या कापसाच्या वेळी मलाही ते ठाऊक होतं. म्हणून तर त्या वेळचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही.

कमल माझी धाकटी जाऊ. तिचं माहेर धारूरच्या डोंगरात, खडकाळ रान. आमचं रान माजलगावच्या कालव्याखाली. तिची माय एक जुना देशी कापूस पेरायची. हातपाय चालेनात तेव्हा पेरणं सुटलं, आणि राखेत घालून ठेवलेलं शेवटचं बी तिनं कमलच्या ओटीत घातलं. बी जुनं. पावसाळ्यापर्यंत उगवायचा जोर त्यात राहील की नाही, कोण सांगणार? म्हणून कमलनं सगळंच्या सगळं ऐन थंडीत पिशव्यांत लावलं. उन्हाळ्यात पाण्यावर वाढवून पुन्हा बी करायचं, म्हणाली. निम्मं उगवलं. मायपाशी आता काहीच उरलं नव्हतं.

मग तिचं बोलणं सुरू झालं. शेजारच्या बाया आल्या की — "आमच्या डोंगरावर कापसाला पाणी कोण पाजतंय? तुमचा कापूस दोन दिस पाणी चुकलं की मान टाकतोय. आक्का, तुमच्यासारखाच हाय बघा, सावलीतला!"

बाया हसल्या. मीही हसले. चेष्टाच होती. मग मला एवढी का लागली? ती या घरात येण्याच्या कितीतरी आधीपासून मी उन्हात राबत होते, म्हणून? असेल.

माय आजारी पडली आणि कमल माहेरी गेली. जाताना म्हणाली, "आक्का, तेवढं रोज शिंपडा. अन् थंडी वाढली तर झाका."

"जा निवांत," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी विसरले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले. विसरले नव्हते. मिरचीला झारीनं पाणी देत होते, तिच्या पिशव्या हाताच्या अंतरावर होत्या. ताण देऊन बघू, म्हटलं. कापसाला आपण मुद्दाम ताण देतोच की — मूळ खोल जावं म्हणून पाणी तोडतो. पण ते रानात. वीतभर पिशवीत मूळ जाणार कुठं?

रोपं दुपारी मान टाकायची आणि पहाटे पुन्हा उभी राहायची. ते बघून मला राग यायचा — रोपांचा! देठं तांबूस झाली, वाढ थांबली. थंडीत कापूस असाच दम धरतो. पाणी मिळालं असतं तर निभावली असती. मग एका संध्याकाळी वारा पडला, आभाळ मोकळं झालं. थंडी कडक पडणार हे दिसत होतं. गोणपाटं सगळ्या रोपांना पुरतील एवढी होती. मी ती मिरचीवर दुहेरी टाकली.

हे लिहिणं सगळ्यात जड जाईल असं वाटलं होतं. नाही. अजून आहे.

सकाळी कापसाची पानं उकडल्यासारखी काळी पडली होती. कमल दुपारच्या गाडीनं येणार होती. मी झारी भरली आणि मेलेल्या रोपांना पाणी दिलं. माती ओली दिसावी म्हणून.

तिनं आल्या आल्या पिशवीत बोट घातलं. "तुमी तर पाणी दिलतं, आक्का. बीच कमजोर निघालं."

"डोंगरातलं बी," मी म्हटलं. "कालव्याकाठची थंडी त्याला कशी सोसावी?"

ती एकेक पिशवी उचलून बघू लागली. मग एकदम ओरडली, "आक्का, हे बघा! हे एक हाय!"

भिंतीच्या कोपऱ्यातलं एक रोप. कडा करपलेल्या, पण दोन्ही पानं हिरवी, मधला कोंब ताठ. तिनं ती पिशवी उचलून स्वयंपाकघरात चुलीच्या उबेला नेऊन ठेवली आणि मायला फोन लावला. "माय, एक ऱ्हायलंय. एका झाडाची बोंडंसुदिक लई झाली!" फोनवर दोघी हसत होत्या.

मी ते रोप बघत उभी राहिले. ते मोठं झालं, बोंडं धरली, तर कधीतरी कुणीतरी विचारणारच होतं — एवढं चिवट बी, मग बाकीची का गेली?

माय त्याच उन्हाळ्यात गेली. कमल आता बियाण्याची फुशारकी मारत नाही. दुकानातून पाकीट आणायचं झालं की मलाच विचारते, "आक्का, कोणतं आणू?" आणि मी सांगते.

ते एक रोप सापडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कमल धार काढायला गोठ्यात गेली. मी पिशवी हातात घेतली. कापूस शेंड्यावर खुडला तर पानाच्या बगलेतून पुन्हा फुटतो, हे मला माहीत होतं. म्हणून दोन पानांच्या खालून खुडला. तो चुलीत टाकला. पिशवी होती तिथं ठेवली, खुराडं उघडलं आणि स्वयंपाकघराचं दार कोंबड्यांसाठी सताड उघडं ठेवलं.