इंदापूरची फाईट मी का हरलो

मंडळी, आज सकाळी पणदऱ्यात चहाला थांबलो आणि डोकंच फिरलं.

नव्वदच्या दशकात मी बॉक्सिंग खेळायचो. इंदापूरला एका मुरलेल्या बॉक्सरकडून हरलो. त्यावर आमच्या गल्लीतले आबा आणि तात्या अजून भांडतात, तेही माझ्यासमोर. आज दोघं बरोबर होते, चहा येताच सुरू झाले.

"पोरगं जिंकलंच असतं," आबा म्हणाले.

"कसलं जिंकतंय? खुराक कमी पडला," तात्या म्हणाले.

अहो, खुराकानंच तर घात केला! गावानं पैलवान समजून महिनाभर दूध-तूप पाजलं. वजन वाढलं, वरच्या गटात गेलो, म्हणून तर तो गडी वाट्याला आला.

हे सांगितलं तर तात्या म्हणतात, "तुला काय कळतंय? तू आत हुतास, आमी बाहेरनं सगळं बघितलंय."

आणि माझा चहा परत पाठवून ग्लासभर दूध मागवलं.

आता तुम्हीच सांगा, ठोसे कुणी खाल्ले होते?