बाबूजींचा जेवणाचा तंबोला

शाळेच्या ऑफिसच्या खिडकीतून शाईने काळी झालेली बोटं बाहेर यायची आणि पाठोपाठ प्रश्न यायचा, “काय खाल्लं वं पोरी?” वाशीमच्या आमच्या शाळेतले हे कारकून. आम्ही त्यांना बाबूजी म्हणायचो. उत्तर मिळालं की पुढचा प्रश्न तयार, “फोडणी लसणाची का जिऱ्याची?”

असा खोदून खोदून विचारणारा माणूस तुम्हीही पाहिला असेल. अशांचा वैताग येतो. बाबूजींचा येत नसे, कारण ऐकताना त्यांच्या तोंडाला खरोखर पाणी सुटायचं.

मला मात्र त्या खिडकीची धास्ती असे. दुष्काळाची वर्षं होती. बाबा खडी फोडायला जायचे आणि घरी रेशनच्या लाल मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची भाकर. मी बेधडक ठोकून द्यायची, “वरण-पोळी.”

“रोजच? मजा हाय बुवा तुयी!”

त्या साली गॅदरिंगला नववी-दहावीच्या मुलींसाठी बाबूजींनी जेवणाचा तंबोला काढला. आकड्यांऐवजी पदार्थ. सायक्लोस्टाइलच्या यंत्रावर चाळीस तिकिटं छापली, हौसेने कोपऱ्यात मिरचीही काढली. पण स्टेन्सिल एकच! सगळ्या तिकिटांवर तेच नऊ पदार्थ, त्याच चौकोनांत. बासुंदी पुकारली आणि चाळीस मुली एकदम ओरडल्या, “ओळ झाली!” बक्षीस एकच, स्टीलचा डबा. बाबूजींचा चेहरा एवढासा झाला. “आता बोंबला!” ते म्हणाले आणि डबा कपाटात गेला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी नुसते रिकामे नऊ चौकोन छापून वाटले. “ज्याच्या घरी जे शिजते, ते लिवून आना.”

मैत्रिणींनी श्रीखंड, जिलेबी, गुलाबजाम लिहून आणले. त्या साली कोणाच्या घरी धड साखर नव्हती! मीही तेच लिहिणार होते, पण आईने शेजारी बसून विचारलं, “काय लिवतं? जे खातो ते लिव न.” आईच्या देखत खोटं लिहवेना. शाळेत आल्यावर तिकीट मी वहीखाली दडपलं.

बाबूजींनी त्याच स्टीलच्या डब्यातून स्वतः लिहून आणलेली एक चिठ्ठी काढली. “मिलोची भाकर.” कोणीतरी फिस्सकन हसलं. मग “चून”, म्हणजे पिठलं. मग “घोटलेली अंबाडी.” मग “कण्या.” एकाही पेन्सिलीची हालचाल नाही.

“काहून वं? कोनाच्याच घरी नाही?”

माझी ओळ भरली होती. गप्प बसले असते तर सुटले असते. हात वर केला तर साऱ्या वर्गाला आमचं घर दिसणार होतं. हात कसा वर गेला, मला अजूनही कळत नाही.

बाबूजींनी माझं तिकीट मोठ्याने वाचलं. आता कोणी हसलं नाही. मागच्या बाकावरून हळूच आवाज आला, “आमच्या घरी बी मिलोच हाय.” मग दुसरा. मग तिसरा.

डबा घेताना मी विचारलं, “बाबूजी, चिठ्ठ्या माझ्यासाठी लिहिल्या होत्या?”

“तुयासाठी कायले? माया घरी जे रांधलं ते लिवलं.” ते खरं होतं, की त्यांनी माझी लाज राखली, मला आजही ठरवता येत नाही. लगेच त्यांनी विचारलं, “अंबाडीत तुयी माय काय टाकते?”

“या न घरी,” मी बोलून गेले आणि जीभ चावली. आम्ही बौद्ध. शाळेतलं कोणी वस्तीत आलंच, तर दारातूनच परतायचं, पाणीसुद्धा घेत नसे.

बाबूजी रविवारी आले. आई चुलीपाशी अवघडून उभी. “आमच्या घरचं चालते न तुमाले?”

ते केव्हाच मांडी घालून बसले होते. “बाई, वास येऊन राह्यला. वाढा आधी!”

मी पुढे अकोल्याला शिकायला गेले. एका सुट्टीत घरी आले तेव्हा आईने सांगितलं, बाबूजी वारले. परक्या माणसासाठी तिला रडताना मी तेव्हा एकदाच पाहिलं.

“येवडा शिकलेला मानूस,” डोळे पुसत ती म्हणाली, “अन् आपल्या घरी त्यानं दुसऱ्यांदा वाढून मांगलं.”