आमच्या विहिरीवरची केवडाबाई

आमच्या घराण्यात अंगठ्याऐवजी सही करणारा पहिला माणूस माझा बाप, आणि बी.एस्सी. झालेला पहिला मी. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगतो. विषय वनस्पतिशास्त्र. आमचा मळा केळझरच्या अलीकडे. वांगी, सांभार म्हणजे कोथिंबीर, मेथी पिकवायची आणि डोक्यावरून बाजारात न्यायची. झाडं शिकायला पोराला नागपूरला ठेवावं लागतं, हे बापाला शेवटपर्यंत पटलं नाही.

गोष्ट पन्नास सालानंतरची. मी पास होऊन घरी आलो तेव्हा विहिरीजवळच्या केवड्यावरून घरात वाद पेटलेला होता. हा केवडा मामानं आणून दिलेला, म्हणजे मायच्या माहेरचा. दुरून शिंदीच्या जातीचा वाटावा, पण शिंदीशी त्याचं काही नातं नाही. पानं तलवारीसारखी, कडेनं करवतीचे दाते, खोडाला जमिनीवरूनच टेकू दिल्यासारखी मुळं. मोटेचा दोर त्यात अडके आणि बाप मामाचा उद्धार करी.

"इतकी वर्सं पाणी पेलं, एक फूल नाई," बाप म्हणे. "तुह्या माहेरचं सारं असंच. दिसाले मोठं, कामाले काई नाई."

"येईन म्हणतो ना!" माय म्हणे. "यंदा महालक्ष्म्यांले माह्याच घरचा केवडा राहीन."

हे ती नुसतं बापाला बोलली असती तर निभावलं असतं. तिनं ते अख्ख्या आळीला सांगून ठेवलं होतं. वर केवड्याच्या बुडाशी फुटलेली पिल्लं तिनं हौसेनं घरोघरी वाटली होती. काकूच्या परसात एक, शेजारणीकडे एक, माझ्या बहिणीच्या सासरीही एक. साऱ्याजणी फुलाची वाट पाहत पाणी घालत होत्या. बापानं निकाल दिला होता, "महालक्ष्म्या उठेपर्यंत थांबतो. फूल नाई आलं तं कुऱ्हाड."

अशात पानांच्या गाभ्यात काहीतरी गोल दिसू लागलं. माय मला हात धरून घेऊन गेली. "पाय बरं बाबू, कणीस हाये ना?"

मी पानं बाजूला केली. दोन्ही हात ओरबाडले, सदऱ्याची बाही फाटली. आत लहान अननसासारखं हिरवं फळ. मी घसा साफ केला. गुरुजींसमोर तोंडी परीक्षेला उभा होतो तसाच उभा राहिलो.

"माय, केवड्यात नर वेगळा आणि मादी वेगळी. वासाचं कणीस नरालाच येतं. बाया वेणीत माळतात, लुगड्याच्या पेटीत ठेवतात, अत्तर काढतात, ते सारं नराचं. ही मादी आहे. हिला फळ येईल, घमघमणारं कणीस कधीच येणार नाही."

मागे काकू उभी होती, ती गप्प राहणाऱ्यातली नव्हती. "मंग माह्या घरचं पिल्लू?"

"पिल्लू आईच्या अंगाचाच तुकडा असतो, काकू. तेही मादीच."

"म्हणजे पोरीच्या सासरी जे देल्लं..."

"तेही."

"व माय!" काकू कमरेवर हात ठेवून म्हणाली, "साऱ्या गावात पोरीच वाटल्या का व तुनं? आन हिले फळ धरलं तं नवरा कोठी हाये हिचा?"

"नाल्याकडे कुठं असेल. पराग वाऱ्यानं येतो," मी म्हणालो.

"वाऱ्यानं! आयका!"

संध्याकाळपर्यंत ही बातमी आळीभर झाली. बाप जेवताना इतका हसला की त्याला ठसका लागला. माय मात्र जेवली नाही. तिला दुःख केवड्याचं नव्हतं, बोलून बसली होती त्याचं होतं. महालक्ष्म्यांच्या हळदीकुंकवाला साऱ्या बाया येणार आणि नेमकं तेच विचारणार.

भादव्यात महालक्ष्म्या बसल्या. जेवणाच्या दिवशी सोळा भाज्या, त्यातल्या निम्म्याअधिक आमच्याच मळ्यातल्या, आंबील, पुरणपोळी. संध्याकाळी बाया आल्या. काकू सर्वांत पुढं.

"कोठी हाये व केवडा?"

मायनं ज्येष्ठा-कनिष्ठेच्या मधोमध बोट दाखवलं. त्यांच्या बाळांच्या शेजारी ते फळ ठेवलं होतं. आता पिकून केशरी झालेलं, हळदीकुंकू लावलेलं, डोक्यावर हिरवी बांगडी.

"हे फूल हाये?"

"फूल बाप्याले येते," माय ठणकावून म्हणाली. "या दोघी लेकुरवाळ्या बाया. यायले बाप्याचं अत्तर कायले पाह्यजे? मोज बरं, एका फळात किती लेकरं बसले हायेत! झाड बाई हाये. माह्या पोरानं सांगतलं. बी.एस्सी. हाये तो."

सगळ्या माझ्याकडे वळल्या. एका म्हातारीनं विचारलं, "माह्या सुनेले अजून काई नाई बाप्पा. हे पिल्लू लावलं तं होईन का?"

"आजी, शास्त्रात असं काही..."

"तू गप राह्य," माय म्हणाली. "तू झाडाचं शिकला, बायांचं नाई."

म्हातारीनं पिल्लाचा शब्द घेतला. मग दुसरीनं. काकूनंही घेतला, तिच्या परसात एक असताना.

महालक्ष्म्या उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाप कुऱ्हाड घेऊन विहिरीवर गेला. मी मागोमाग. केवड्याभोवती बाया होत्या. एक पिल्लू उकरत होती, एक पाणी घालत होती, आणि ती म्हातारी बुडाशी कुंकू वाहून सुनेला वाकायला सांगत होती. म्हातारीनं डोक्यावर पदर घेऊन त्याच्याकडे पाहिलं. मग कुऱ्हाडीकडे पाहिलं.

"मुळी तोडाले आलतो," बाप म्हणाला.

आणि खरंच त्यानं विहिरीकडची, दोराला अडणारी एक मुळी तोडली. दगडावर ठेवून तिचं टोक ठेचलं, तंतू मोकळे केले. चुना मारायची छान कुंची झाली. त्या दिवाळीला बापानं घराला चुना त्याच कुंचीनं दिला, मामाचा उद्धार न करता.