सव्वातीन इंचांचं पातं

त्या दुपारची गोष्ट मी विसरलेलो नाही, आणि विसरावी अशी इच्छाही नाही. तीसएक वर्षं पोलीस खात्यात काढली. खून, दरोडे, मूर्तींच्या चोऱ्या, सगळं हाताखालून गेलं. लग्नकार्यात भेटणारे लोक तेच किस्से विचारतात आणि मी सांगतोही. पण सांगताना मनात एक दुमडायचा चाकू असतो. त्याने कुणाचं रक्त काढलं नव्हतं, माझा घाम मात्र चांगला काढला.

आमचं घर कुंभकोणम्‌ला, मेलकावेरीत. तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात पूर्वज इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, ही आमची वहिवाट. आमची मराठी इतकी जुनी की पुण्याहून आलेली सून पहिले सहा महिने हसू दाबत वावरत होती. आता तिनेच मला हे लिहायला बसवलं आहे. शुद्धलेखन तिचं, आठवण माझी.

स्वतःच्या गावात सहसा नेमणूक मिळत नाही. त्या वर्षी तिथले निरीक्षक आजारी पडले आणि देवळाच्या रथोत्सवाच्या आठवड्यापुरता ठाण्याचा कार्यभार माझ्याकडे आला. जिल्हा प्रशासनाचा मनाई आदेश लागू होता. प्राणघातक शस्त्र, किंवा तसा वापर होऊ शकेल अशी कोणतीही वस्तू, सार्वजनिक जागी बाळगायची नाही. त्यातच आदल्या सकाळी फुलबाजारात एका हारवाल्याच्या दंडावर कुणीतरी पातं चालवलं आणि गर्दीत पसार झाला. हारवाला सरकारी इस्पितळात होता. कुणी मारलं विचारलं की एकच उत्तर देई, "पाहिलं नाही." समोरून वार बसलेल्या माणसाने मारणाऱ्याला पाहिलेलं नसतं, हे मला कधीच पटलेलं नाही. असा माणूस बहुधा घरच्या कुणाला तरी झाकत असतो. पण रथ दुपारी चारला हलणार होता आणि त्याआधी आरोपी हवा म्हणून वरून तासातासाला फोन येत होता.

साडेदहाच्या सुमारास खबर आली. मोठ्या तळ्याच्या पायऱ्यांवर एक म्हातारा बसला आहे. चाकू उघडतो, अंगठ्यावर धार बघतो, मिटून कमरेला खोचतो आणि पुन्हा काढतो. फोन करणारा तिथलाच दुकानदार होता. माझ्या उपनिरीक्षकाने दोन शिपाई घेतले आणि वीस मिनिटांत म्हातारा ठाण्यात हजर केला. हा उपनिरीक्षक नवखा असताना माझ्याच हाताखाली शिकलेला. हुशार आणि कामाला वाघ. तासाभरात जप्ती पंचनामा माझ्या टेबलावर आला. त्यात एक वाक्य होतं: 'पोलिसांना पाहताच इसमाने जवळील चाकू विल्हेवाट लावण्याच्या हेतूने जमिनीवर टाकला.'

इथे थोडा कायदा सांगायला हवा. शस्त्रास्त्र नियमांत धारदार शस्त्राला माप दिलेलं आहे. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्र, आणि घरकामाची, शेतीची, कारागिरीची हत्यारं त्यातूनही वगळलेली. काही ठिकाणी सरकारच्या वेगळ्या अधिसूचना असतात, पण एरवी खिशातला लहान चाकू बाळगणं गुन्हा नाही. मी फूटपट्टी लावली. पातं सव्वातीन इंच लांब, बोटभरही रुंद नाही, मूठ शिंगाची आणि घासून गुळगुळीत झालेली. म्हणजे या कायद्याने काही होत नव्हतं. राहिला मनाई आदेश, आणि त्यात बघायचा तो बाळगणाऱ्याचा हेतू. निर्मळ मनाचा माणूस पोलीस पाहून चाकू कशाला टाकेल? सगळं प्रकरण त्या एका वाक्यावर उभं होतं.

म्हातारा सत्तरीचा. कमरेला पांढरी वेष्टी, कपाळावर विभूती, उजव्या अंगठ्यावर घट्टा. मी बसायला सांगितलं तरी उभाच.

"काय धंदा?"

"सीवाळी करतो, अय्या."

देवळात आणि लग्नात इकडे नादस्वरम् वाजतो. सनईची थोरली बहीण म्हणा, दोन-अडीच हात लांब. त्याच्या तोंडाशी बोरूची एक चपटी पत्ती बसवतात, ती सीवाळी. नदीकाठचा बोरू कापायचा, शिजवायचा, वाळवायचा, तासायचा. हे मला ठाऊक होतं. पण आपल्याला ठाऊक आहे असं चौकशीत दाखवायचं नसतं.

"मग सीवाळी कुठे आहे?"

"सगळ्या देऊन टाकल्या. वाजवणाऱ्याची वाट बघत होतो. रथापुढे वाजवायची पत्ती आयत्या वेळी तासावी लागते. कालची हवा निराळी, आजची निराळी."

"आणि पोलीस दिसताच चाकू का टाकला?"

"टाकला नाही, अय्या. ठेवला."

"ठेवला म्हणजे?"

"ठेवला."

उपनिरीक्षक हसला. मी तीच गोष्ट चार तऱ्हांनी विचारली आणि चारही वेळा तेच उत्तर आलं. मला राग आला, हे कबूल करतो. खोटं बोलणारा माणूस गोष्ट वाढवत नेतो. हा वाढवत नव्हता, समजावतही नव्हता. जणू समजावण्यासारखं त्यात काही नव्हतंच. मी आवाज चढवून म्हणालो, "गुन्हा नोंदवला की रथाची संध्याकाळ कोठडीत जाईल."

तेव्हा पहिल्यांदा तो आपणहून बोलला. "कोठडीचं काही नाही, अय्या. पण मी ओठाला लावायची वस्तू करतो. माणूस ती जिभेवर घेऊन देवापुढे वाजवतो. चाकू मारला म्हणून धरलेल्या हातची पत्ती उद्या कोण तोंडात घेईल?"

उत्तर नसलं की पोलीस माणूस काहीतरी करून दाखवायला सांगतो. चाकू अजून सीलबंद व्हायचा होता, मोजण्यासाठी माझ्याच हातात होता. मी मूठ पुढे करून म्हणालो, "घ्या. कसं तासता ते दाखवा." नियमाने ते चूकच होतं, पण केलं खरं.

त्याने हात पुढे केला नाही. उलट पाऊलभर मागे सरकला.

उपनिरीक्षक माझ्या कानाशी म्हणाला, "सर, बघा. ठसे उमटतील म्हणून हात लावत नाही."

म्हातारा माझ्या हाताकडे बघत होता. मग अगदी मऊ आवाजात म्हणाला, "खाली ठेवा, अय्या. मी उचलतो. तुमच्यामाझ्यात भांडण कशाला?"

मी तसाच उभा राहिलो. माझ्यासमोर ठाणं नव्हतंच. मेलकावेरीचं आमचं स्वयंपाकघर होतं. भाजी चिरताना धाकट्या भावाने माझ्याकडे सुरी पुढे केली होती आणि आई चुलीपाशी बसून म्हणत होती, "कत्ती हातीं देऊं नये. खालीं ठेव, तो घेईल." हातातून हातात धार दिली की दोघांत तेढ येते. आमच्या घरात, शेजारच्या तमिळ घरात, साऱ्या गल्लीत हेच. मी जन्मात आईच्या हातून सुरी घेतलेली नाही. नेहमी खालून उचलली.

मी चाकू टेबलावर ठेवला. त्याने तो लगेच उचलला.

ज्या शिपायाने पकडलं होतं त्याला बोलावलं. याच भागातला, तिशीचा मुलगा.

"तळ्यावर नेमकं काय झालं? कागदात आहे ते सोडून सांग."

"सर, मी हात पुढे केला आणि म्हणालो, दे. ते वाकले आणि माझ्या बुटाशी चाकू ठेवला."

"टाकला की ठेवला?"

"ठेवला, सर."

"तुझ्या घरी चाकू हातात देतात?"

तो गडबडला. "नाही सर. आई ओरडते."

"मग 'टाकला' कुणी लिहिलं?"

त्याने उपनिरीक्षकाकडे पाहिलं. उपनिरीक्षकाने माझ्याकडे. आणि तो प्रश्न माझ्यावरच उलटला. कारण ते वाक्य माझं होतं, शब्दन् शब्द. नव्या अधिकाऱ्यांना पंचनामा शिकवताना मीच ते लिहून देत असे. न्यायालयात टिकतं म्हणून. ते वाक्य किती पंचनाम्यांत गेलं असेल, याचा हिशेब मी त्या दिवशी केला नाही. नंतर बरेचदा केला.

म्हाताऱ्याने परत टेबलावर ठेवलेला चाकू पाकिटात घालून कुलपात ठेवायला लावला. म्हाताऱ्याला पंख्याखाली बसवलं, काप्पी मागवली आणि मोबाइलवर त्याचा फोटो काढून मी स्वतः इस्पितळात गेलो.

हारवाला खाटेवर बसून इडली खात होता. फोटो दाखवला आणि विचारलं, "हाच का?"

तो बघतच राहिला. "हे? अहो, हे सीवाळीवाले ताता, आपले आजोबा. माझ्या लग्नात यांचीच पत्ती वाजली. यांना कशाला धरलंत?"

"तुम्ही नाव सांगत नाही म्हणून."

त्याने ताटली बाजूला सारली. बाहेर बसलेल्या बायकोला आत बोलावलं, तिचा हात धरला आणि मग मेहुण्याचं नाव घेतलं. बाजारात बसायच्या जागेवरून दोघांत वाद झाला होता आणि हाराचा दोरा कापायच्या पात्याने वार झाला होता. बायको रडली, पण अडवलं नाही. मी जबाब लिहून घेतला. दोन तासांच्या आत मेहुणा आपल्या पायांनी ठाण्यात आला, पातंही घेऊन आला. चौकशीच्या साऱ्या हातोट्यांनी निघालं नव्हतं ते त्या म्हाताऱ्याच्या फोटोने निघालं.

ठाण्यात परतलो तेव्हा तीन वाजून गेले होते. दाराशी चाळिशीचा एक वादक काखेत गवसणी धरून उभा, घामाघूम. सीवाळीवाले ठाण्यात आहेत हे त्याला आत्ताच कळलं होतं. पत्ती बोलत नव्हती आणि तासाभरात रथ हलणार होता.

चाकूचा आता या गुन्ह्याशी संबंध उरला नव्हता. मी पाकीट उघडलं आणि चाकू टेबलावर ठेवला. म्हातारा खिडकीपाशी उजेडात गेला. पत्ती ओली केली, उजेडासमोर धरली, डोळा बारीक केला. मग पातं इतकं हलकं फिरवलं की लागलं की नाही हेही कळेना. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी एक साल निघून माझ्या स्टेशन डायरीवर पडली. वादकाने फुंकलं. चिरका आवाज आला. पुन्हा एक हात फिरला. पुन्हा फुंकलं. या वेळी घोगरा. म्हाताऱ्याने डोळे मिटले, पातं टेकवलं आणि एकदाच ओढलं.

आणि मग तो सूर आला.

मला गाण्यातलं कळत नाही. जवळच्या मरुदानल्लूर गावच्या भजनांना लहानपणी जायचो तेही प्रसादासाठी. पण त्या सुराने माझ्या अंगावर काटा उभा राहिला. खिडकीची काच थरथरली. रायटरचा टंकणारा हात थांबला. कोठडीतला दारुडा सकाळपासून शिव्या देत होता, तो उठून गजांशी आला आणि हात जोडून उभा राहिला. टेबलावरचा फोन वाजत होता, वरिष्ठांचाच असणार, आणि मी तो उचलला नाही. साऱ्या नोकरीत तेवढा एकच. ज्या पात्यात मी सकाळपासून हेतू शोधत होतो त्याचा हेतू हा होता, आणि तो एवढा मोठा होता की मला माझी खुर्ची नकोशी झाली. मी उभा राहिलो. कुणी सांगितलं नव्हतं, तरी सगळं ठाणं उभं होतं.

वादक पाया पडून पळाला. म्हातारा मात्र जागचा हलेना.

"जा आता," मी म्हणालो. "रथ निघेल."

"ते वाक्य, अय्या," तो म्हणाला. "तेवढं काढा."

पंचनाम्यातला शब्द खोडता येत नाही. मी त्याखाली माझ्या हाताने लिहिलं, तारीख आणि वेळ घातली, सही केली. त्याला वाचता येत नव्हतं.

"वाचून दाखवा," तो म्हणाला.

मी मोठ्याने वाचलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. 'सदर वस्तू कारागिराचे हत्यार आहे. मागितल्यावर त्याने ती टाकली नाही, रीतीप्रमाणे खाली ठेवली. मूळ मालकास परत.'

तो मान हलवत ऐकत होता. मग टेबलावरचा चाकू उचलून मिटला, कमरेला खोचला आणि मला नमस्कार करून रथाच्या दिशेने चालू लागला. माफी मी मागायला हवी होती. मागितली नाही.

वर्दीतला हात पुढे झाला की त्याला फक्त घेणं कळतं, समोरचा कसं देतो हे दिसत नाही. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत जप्तीच्या प्रत्येक कागदावर मी एकच प्रश्न विचारून सही केली: टाकला की ठेवला? पोरं माझ्यामागे नक्कल करायची, मला ठाऊक होतं. पण विचारू लागली होती.

आता घरीच असतो. लिंबू चिरायला चाकू मागितला की सून अजून विसरते आणि हातात द्यायला येते. मी हात मागे घेतो. ती हसते आणि ओट्यावर ठेवते. मग मी उचलतो.